सुटकेनंतरची भूक : बर्गन-बेल्झेन, १९४५

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतील बर्गन-बेल्झेन छळछावणीत शिरले, तेव्हा तेथे सुमारे ६०,००० कैदी होते. त्यांत ज्यूंची संख्या सर्वांत मोठी होती, आणि आउशवित्झसारख्या छावण्या रिकाम्या करताना त्यांतील कित्येकांना येथे आणून कोंबले होते. हजारो प्रेते उघड्यावर पडलेली होती. उवांमुळे पसरणारा टायफस, क्षय आणि हगवण यांनी छावणी ग्रासली होती. सुटका झाली, तरी त्यानंतर १३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील काहींच्या जिवावर तर अन्नच उठले.

माणसाला खायला मिळेनासे झाले की यकृतातील साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते, आणि तीही सरत आली की स्नायू, अगदी हृदयाचे स्नायूसुद्धा, इंधन म्हणून वापरले जातात. इन्सुलिनची पातळी खाली जाते, नाडी मंदावते, अंग गार पडते. याच काळात फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे आतून पोखरले जात असतात, पण रक्ताच्या तपासणीत ते सहसा कळत नाही. अशा शरीरात एकदम भरपूर पिष्टमय अन्न गेले की इन्सुलिन उसळते, रक्तातले उरलेसुरले फॉस्फेट पेशींत ओढले जाते, आणि ऊर्जा बनवायला लागणारे हे फॉस्फेट पुरेनासे झाल्याने हृदय व श्वसन कोलमडू शकते. मोठा उपास हलक्या अन्नाने सोडावा हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. येथे मात्र प्रश्न एका दिवसाच्या उपासाचा नव्हता. कळवळलेल्या सैनिकांनी आपल्या शिध्यातले मांसाचे डबे वाटले, आणि ते स्निग्ध अन्न कैद्यांच्या क्षीण आतड्यांना सोसले नाही.

पुढचे उपायही सरळ लागू पडले नाहीत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले साखर, दूधपावडर, पीठ व मीठ यांचे मिश्रण आणले गेले, पण पूर्व युरोपातील जिभांना ते असह्य गोड लागले. आधीच अंशतः पचवलेल्या प्रथिनांचा द्राव तोंडाने घ्यावा तर चवीने ओकारी येई, आणि शिरेतून द्यावा तर सुई पाहताच रुग्ण किंचाळत. आउशवित्झमध्ये हृदयात फिनॉल टोचून कैद्यांना ठार मारले जाई, हे लक्षात घेतले तर त्या भीतीला वेड म्हणवत नाही. उपचारांच्या आखणीत हा मुद्दा कोणाच्या ध्यानी आला नसावा, याचे मला अधिक आश्चर्य वाटते. लंडनहून आलेले सुमारे शंभर वैद्यकीय विद्यार्थी झोपडीझोपडीत जाऊन अन्न भरवत होते, आणि शेवटी थोड्या थोड्या प्रमाणात वारंवार दिलेले पातळ दूधच अधिक सोसते, असे दिसून आले.

२१ मे रोजी शेवटची झोपडी जाळण्यात आली. तोवर रुग्णांना जवळच्या लष्करी बराकींतील स्वच्छ खाटांवर हलवले होते, आणि जेवण वेळेवर येत असूनही त्यांतले कित्येक जण पावाचा तुकडा अंथरुणात लपवून ठेवत.