मिडवेस्टमधलं शेतीचं गाव आणि प्लँटचं गाव: लांबून सेम टू सेम, आत गेलं की वेगळंच

पुण्याहून ट्रॅक्टरवाल्या जॉन डीअरकडून मोलिन, इलिनॉयला नाहीतर इंजिनवाल्या कमिन्सकडून कोलंबस, इंडियानाला जाऊन आलेले लोक अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या छोट्या गावाचं एक ठरलेलं वर्णन करतात. मक्याची शेतं, गावाचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी, एक मेन स्ट्रीट, सगळे गोरे, त्यातले निम्मे म्हातारे, स्वभावाने एकदम गोड, रविवारी चर्च आणि रात्री आठनंतर चिटपाखरू नाही. हे खोटं नाहीये, पण हे एकाच प्रकारच्या गावाचं वर्णन आहे. तसंच दिसणारं दुसरं एक गाव असतं, तीच टाकी, तेच चर्च, आणि तिथल्या शाळेत गोरी मुलं मायनॉरिटीत असतात. हायवेवरून जाताना फरक कळत नाही म्हणून लोक दोन्ही एकाच खात्यात टाकतात. एकाला आपण शेतीचं गाव म्हणू आणि दुसऱ्याला प्लँटचं गाव. प्लँट म्हणजे मीटपॅकिंगचा, डुकरं, गाई किंवा टर्की कापायचा कारखाना. मी जास्त आयोवा राज्याबद्दलच लिहितोय कारण तेच नीट पाहिलंय, पण मिनेसोटा, नेब्रास्काकडेही साधारण असंच आहे.

आधी दिसायला सारखी का ते सांगतो. 1785 च्या कायद्याने सरकारने ही सगळी जमीन पट्टी लावल्यासारखी चौकोनांत मोजून काढली, एक मैल बाय एक मैल म्हणजे 640 एकर, म्हणून आजही रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत, वळण आलं की आश्चर्य वाटतं. मग रेल्वे आली आणि शेतकऱ्याला घोडागाडीतून धान्य आणून त्याच दिवशी घरी परत जाता यावं इतक्या अंतरावर स्टेशनं पडली. स्टेशनपाशी धान्याचे उंच सायलो, त्याला तिकडे एलेव्हेटर म्हणतात, आणि त्याच्या आजूबाजूला गाव. म्हणजे मूळ साचा एकच. त्यात आता पेट्रोल पंपाला जोडलेलं केसीज नावाचं दुकान आलं, तिथे पिझ्झा मिळतो, आणि सकाळी अंड्याचा ब्रेकफास्ट पिझ्झा, हसू नका, चांगला लागतो.

आता शेतीचं गाव. पहिला गैरसमज म्हणजे ही गावं गरीब आहेत. आजूबाजूच्या जमिनीच्या किमती बघितल्या तर डोळे फिरतात. माणसं कमी होतायत ती पैसा नाही म्हणून नाही, तर ज्या जमिनीवर पूर्वी दहा कुटुंबं जगायची ती आता एक बाप आणि एक मुलगा मोठ्या मशीनवर उरकतात म्हणून. आणि 1980 च्या दशकातला फार्म क्रायसिस. सत्तरच्या दशकात सगळ्यांनी जमीन वाढेल वाढेल म्हणत कर्ज काढून जमिनी घेतल्या, मग व्याजदर चढले आणि भाव कोसळला, आयोवात 1981 मध्ये सरासरी एकरी 2,147 डॉलर होता तो 1986 मध्ये 787 वर आला. तेव्हा जी पिढी बाहेर पडली ती परत आलीच नाही. साठी-सत्तरीतल्या कुठल्याही माणसाशी बोला, अर्ध्या तासात विषय तिथे येतो, आणि आला की तो गप्प होतो.

माणसं कमी झाली की आधी शाळा जाते. मग शेजारच्या चार गावांच्या शाळा एकत्र करतात आणि नाव कुणाचं ठेवायचं यावर भांडण नको म्हणून सगळ्यांचीच आद्याक्षरं. ए-एच-एस-टी-डब्ल्यू नावाची खरीच शाळा आहे, अव्होका, हॅनकॉक, शेल्बी, टेनंट आणि वॉलनट. दुसरी बी-सी-एल-यू-डब्ल्यू, ती पण पाच गावांची. अमेरिकन फुटबॉलला, म्हणजे तो हातात बॉल घेऊन पळायचा, अकरा पोरं जमत नाहीत म्हणून अगदी छोट्या शाळांसाठी आठ जणांच्या टीमची वेगळी लीग आहे. पण त्या शुक्रवारच्या मॅचला अख्खा पंचक्रोशीचा माणूस हजर, नातू खेळत नसला तरी.

स्वभाव कळायचा असेल तर सकाळी सहाला एलेव्हेटरच्या ऑफिसात नाहीतर कॅफेत जाऊन बसावं. एक मोठं टेबल, टोप्या घातलेले सात-आठ म्हातारे, कॉफीचे पैसे कोण देणार हे फासे टाकून ठरवतात. बोलणं पावसावर. तुमच्याकडे किती झाला? "चाळीस शंभरांश." म्हणजे इंचाचे, प्रत्येकाच्या कुंपणाला पावसाचं नळकांडं लावलेलं असतं आणि दोन मैलांवरच्या शेजाऱ्याकडे साठ शंभरांश झाला असेल तर चेहऱ्यावर दिसतं. पैशाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पीक जबरदस्त आलं तरी उत्तर "नॉट टू बॅड". स्पष्ट नाही कुणी म्हणत नाही, उगाच विषय बदलतात. आपल्या लोकांना हा निव्वळ गोडवा वाटतो, पण मला विचाराल तर तो हिशोबही आहे, कारण ज्याच्याशी आज भांडाल त्याच्याच बांधाला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कापणी. ऐन कापणीत शेतकरी आजारी पडला किंवा गेला, तर शेजारी न बोलावता आपापली कंबाइन्स घेऊन येतात, एका दिवसात शेकडो एकर काढून देतात, बायका जेवण आणतात, कुणी पैशाचं नाव घेत नाही. हे खरंय, ऐकीव नाही. आणि तेच शेजारी, त्या माणसाची जमीन पुढे लिलावाला निघाली की गावच्या हॉलमध्ये बसून एकमेकांविरुद्ध बोली लावतात, शेवटच्या डॉलरपर्यंत, मान एवढीशी हलवून. दोन्हीत त्यांना काही विसंगत वाटत नाही.

प्लँटच्या गावाची गोष्ट शिकागोपासून सुरू होते. आधी जनावरं रेल्वेने शिकागोला जायची, तिथल्या युनियन स्टॉकयार्ड्समध्ये कापली जायची. मग साठच्या दशकात आयबीपी नावाच्या कंपनीने उलटा विचार केला, जनावरं शहरात नेण्यापेक्षा कारखानाच मक्याच्या शेतात नेऊ, जिथे जमीन स्वस्त आणि युनियन दुबळी. पहिला प्लँट आयोवातल्या डेनिसनला. 1971 मध्ये शिकागोचं स्टॉकयार्ड बंदच पडलं. ज्या गावांत जुने प्लँट होते तिथेही पगार खाली खेचले गेले. मिनेसोटातल्या ऑस्टिनला, जिथे स्पॅम नावाच्या डबाबंद मांसाचे डबे बनतात, हॉर्मेल कंपनीने तासाचे 10.69 डॉलर होते ते 8.25 वर आणले, त्यावरून 1985 मध्ये संप झाला आणि गव्हर्नरने नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचे सैनिक पाठवले. संप कामगार हरले.

आयोवातल्या स्टॉर्म लेक गावाला पण तसंच. तिथला जुना हायग्रेड कंपनीचा प्लँट 1981 मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी आयबीपीने तोच उघडला, कमी पगारावर. गावातले लोक फारसे परत गेले नाहीत, मग माणसं आली बाहेरून. आधी लाओसकडचे निर्वासित, त्याचा पाया 1975 मध्ये पडला होता जेव्हा आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी ताई दाम जमातीच्या लोकांना अख्ख्या समूहाने राज्यात बोलावून घेतलं, आणि ते रिपब्लिकन होते बरं का. मग मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे, मग सुदान, म्यानमार, मायक्रोनेशियाचे. कोकणातून गिरणगावात जसा एक जण गेला की पाठोपाठ भाऊ, मेव्हणा, वाडीतली चार पोरं गेली तसंच. 2001 मध्ये टायसन या मोठ्या मांस कंपनीने आयबीपी विकत घेतली, वस्ती आता अकरा हजारांवर आहे.

इथे दिवस पावसावर चालत नाही, शिफ्टवर चालतो. पहाटे पार्किंग लॉट भरतो, पांढरे कोट, हेल्मेट, कानात प्लग, आणि मग लाइन. लाइन थांबत नाही. एक माणूस दिवसभर एकच काप देतो, हजारो वेळा, काही महिन्यांत बोटं रात्री बधिर व्हायला लागतात. दुपारी दुसरी शिफ्ट, रात्री सफाईवाले गरम पाणी आणि केमिकल घेऊन. नवरा एका शिफ्टला, बायको दुसऱ्या, मुलांना सांभाळायला शेजारीण नाहीतर मावशी. मेन स्ट्रीटवर जिथे शेतीच्या गावात पाटी काढलेली रिकामी दुकानं असतात तिथे इथे मेक्सिकन बेकरी, आशियाई किराणा, पैसे पाठवायचं दुकान. पोरं इतकी की वर्ग कमी पडतात, आणि त्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, जोरात.

ओळख होण्याची पद्धत पण वेगळी. शेतीच्या गावात तुम्ही कोण हे आजोबांवरून ठरतं, वीस वर्षं राहिलात तरी "ते बाहेरून आलेले". प्लँटच्या गावात निम्मं गावच बाहेरून आलेलं, त्यामुळे लोक पटकन बोलतात पण पटकन निघूनही जातात. पगाराबद्दल उघड बोलतात, कुठल्या प्लँटला तासाला किती देतात हे सगळ्यांना तोंडपाठ. जुने गोरे लोक काय म्हणतात? काही कुरकुरतात, काही सोडून गेले, आणि काही जण अगदी हट्टाने नव्या लोकांच्या बाजूने उभे राहिले. स्टॉर्म लेक टाइम्स नावाच्या छोट्या कौटुंबिक पेपरचे संपादक आर्ट कलन यांना 2017 मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर मिळालं, ते होतं नदीत उतरणाऱ्या खताच्या नायट्रेटवरून चाललेल्या खटल्याबद्दल, शेती लॉबीला सरळ अंगावर घेऊन. कॉफीच्या टेबलावर हे कुणी मोठ्याने बोललं नसतं.

"प्लँटच्या गावात खरं मिडवेस्ट राहिलं नाही" असं म्हणणारे भेटतात, तिकडचे आणि आपलेही. मला हे पटत नाही. एकतर मका कुठे जातो बघा. आयोवात माणसं 32 लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. पहिल्या गावातला मका ती डुकरं खातात आणि दुसऱ्या गावात ती कापली जातात, एलेव्हेटरवरचा म्हातारा आणि लाइनवरचा ग्वाटेमालन एकाच धंद्याची दोन टोकं आहेत, फक्त एकाकडे जमीन आहे आणि दुसऱ्याकडे शिफ्ट.

त्यामुळेच संकट येतं तेही वेगवेगळ्या वेगाने. शेतीचं गाव चाळीस वर्षं हळूहळू रिकामं होतं, आधी शाळा, मग किराणा, मग पोस्ट. प्लँटच्या गावाला एक सकाळ पुरते. पोस्टव्हिल हे जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं गाव, तिथे ब्रुकलिनहून आलेल्या हसिदिक या कर्मठ पंथातल्या ज्यू कुटुंबाने कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेल्या, मांसाचा प्लँट काढला होता, 12 मे 2008 ला इमिग्रेशनची धाड पडली आणि 389 जणांना पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी शाळेचे वर्ग अर्धे रिकामे. पेरी गावात तर धाडही नव्हती, 2024 मध्ये टायसनने प्लँट बंद केला, आठेक हजारांच्या गावात 1,300 नोकऱ्या गेल्या. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा प्लँट बंद करायचं जाहीर झालं, तिथे तर अकरा हजारांच्या गावात 3,200 लोक त्यात कामाला होते.

आता मोलिनवाल्यांसाठी. आय-80 हायवेवरून पश्चिमेला निघालात की 259 नंबरच्या एक्झिटला वेस्ट लिबर्टी आणि 254 ला वेस्ट ब्रँच, नावांमुळे लोक हमखास घोळ करतात. वेस्ट ब्रँच म्हणजे क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी वसवलेलं, प्रेसिडेंट हूव्हरचं जन्मगाव, सुबक, पण ते आता बरंचसं आयोवा सिटीला नोकरीला जाणाऱ्यांचं झालंय. वेस्ट लिबर्टी मात्र माझ्या वरच्या दोन खात्यांत बसत नाही. तिथला टर्कीचा प्लँट कंपनी सोडून चालली होती तेव्हा 1996 मध्ये टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून तो विकत घेतला, म्हणजे मालक शेतकरी. आणि 2010 च्या जनगणनेत हे आयोवातलं पहिलं लॅटिनो बहुमताचं गाव निघालं. शाळेत नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत शिकवतात, आणि गोऱ्या शेतकऱ्यांची पोरंही त्या वर्गांत असतात. हूव्हरचं म्युझियम बघायचं तर बघा, पण जेवायला वेस्ट लिबर्टीला जा, टाको चांगले मिळतात.