जुन्या प्रोग्रॅमला जुनं यंत्रच लागतं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका निवृत्त हिशेबनीस काकांनी पुन्हा तेच ऐकवलं: “जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवायचा तर अख्खा नव्याने लिहावा लागतो.” नाही हो काका! आयबीएम १४०१ घ्या, १९५९ चा व्यावसायिक संगणक. मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. सिमएच हे मोफत सॉफ्टवेअर त्याची एकेक आज्ञा वाचून ते काम लॅपटॉपवर करतं. प्रोग्रॅमला हातही लावावा लागत नाही. आणि ही युक्ती आजची नव्हेच: १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० या नव्या संगणक-मालिकेतल्या मॉडेल ३० मध्ये आयबीएमनेच १४०१ च्या नकलेची सोय दिली होती. खरी अडचण पंचकार्डांची, म्हणजे भोकं पाडून ज्यांवर जुने प्रोग्रॅम साठवले जात त्या जाड कागदी कार्डांची. ती वाचायची कशावर? त्यात आमचा पाऊस, कागद टिकला तर नशीब.