इंग्रजीत स्वर पाचच?

"इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू हे पाचच स्वर, 'स्काय', 'ड्राय'मध्ये तर एकही स्वर नाही," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शाळेत आपण तसंच पाठ केलं, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण ही पाच अक्षरं आहेत, उच्चार नव्हेत. ब्रिटिश प्रमाण इंग्रजीत स्वरोच्चार साधारण 20 मानले जातात, व्यंजनोच्चार 24. एकटं 'ए' घ्या: कॅट, कार, केक, बॉल, अबाउट. पाच शब्द, पाच निराळे उच्चार. 'स्काय'मध्ये स्वराचं काम 'वाय' करतो.

हनुवटीखाली तळहात धरून 'बनाना' म्हणा. हनुवटी तीनदा खाली येते, म्हणजे उच्चारखंड (सिलॅबल, एका स्वरोच्चाराभोवतीचा शब्दाचा तुकडा) तीन. आता रांग या अर्थाचा 'क्यू' म्हणा. स्पेलिंगमध्ये यू, ई, यू, ई अशी चार स्वराक्षरं, पण खंड एकच! म्हणून मुलांना खंड शिकवताना स्पेलिंग झाकून आधी शब्द ऐकवावा.

'अवर'आधी 'अ‍ॅन' आणि 'युनिव्हर्सिटी'आधी 'अ' येतो, तोही उच्चारामुळेच: पहिल्यात 'एच' मूक आहे, दुसऱ्याची सुरुवात 'य'ने होते. शंका आली तर चांगल्या शब्दकोशात स्पेलिंगपुढे दिलेली उच्चारचिन्हं पाहावीत.