बेट कुणाच्या नावावर? आभासी जगातल्या धंद्याची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका अवाढव्य समाजमाध्यम कंपनीने स्वतःचं नाव बदललं आणि पंधरवड्यात 'मेटाव्हर्स', म्हणजे माणसं बाहुल्यांच्या रूपात वावरतात असं इंटरनेटवरचं जग, हा शब्द नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या कॅन्टीनमध्ये कटिंगबरोबर मिळू लागला. आमच्यापैकी ज्यांनी २००७ मध्ये इथेच रात्रपाळ्या केल्या होत्या, त्यांना मात्र हा दुसरा खेळ वाटला. पहिला खेळ कसा रंगला आणि कुठे फसला, ते बहुतेकांना आठवत नाही.

त्याआधीचं थोडक्यात आटोपतं. १९८६ च्या सुमारास कमोडोर ६४ आणि टेलिफोनच्या तारेवर चालणारं 'हॅबिटॅट' आलं. पडद्यावरच्या आपल्या बाहुल्याला 'अवतार' म्हणण्याची चाल तिथली. आपला दशावतारातला शब्द कॅलिफोर्नियाला जाऊन परत आला. नव्वदीत अशी आणखी जगं निघाली, पण तिथे मुख्यतः गप्पा चालायच्या.

धंदा उभा राहिला तो 'सेकंड लाइफ' या आभासी जगामध्ये. ते जून २००३ ला खुलं झालं, तरी माझ्या लेखी खरा मुहूर्त त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. इथे तुम्ही जे बनवाल त्याचे बौद्धिक हक्क तुमचेच, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. एरवी ऑनलाइन खेळात खेळाडूने घाम गाळून जमवलेलं सगळं चालवणाऱ्याचंच असायचं. इथे शर्ट शिवा, सोफा बनवा, विका. मिळालेले लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, साधारण अडीचशे-पावणेतीनशेला एक या भावाने खऱ्या डॉलरमध्ये बदलून घ्या.

मे २००६ मध्ये एका अमेरिकी व्यापारविषयक साप्ताहिकाने तिथल्या जमिनी घेऊन-विकून गब्बर झालेल्या बाईंचा अवतार मुखपृष्ठावर छापला आणि रांग लागली. कपड्यांचं दुकान, मोटारींच्या शोरूम, एका वृत्तसंस्थेचं कार्यालय, २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडनचे दूतावास. अख्खं बेट घ्यायला १६७५ डॉलर, वर महिना २९५. क्षेत्रफळ ६५,५३६ चौरस मीटर, म्हणजे सोळा एकरांहून थोडं जास्त. प्रेझेंटेशनमध्ये एक गोष्ट सहसा नसायची: या सोळा एकरांत एका वेळी फार तर शंभरेक अवतार मावायचे. सकाळच्या ठाणे लोकलच्या एका डब्यातही याहून जास्त माणसं असतात.

हे मी फार जवळून पाहिलंय. महापेच्या एका बॅक-ऑफिसात आम्ही चौघं एका परदेशी प्रशिक्षण संस्थेसाठी तिथे सभागृह बांधत होतो. ऐंशी खुर्च्या, प्रत्येक खुर्ची अकरा तुकड्यांची. सगळं जड होतंय म्हटल्यावर खुर्ची तीन तुकड्यांवर आणली: पाठ, बैठक, एकच पाय. उद्घाटनाला त्रेचाळीस जण आले आणि जग चिखलात रुतल्यासारखं झालं. पाहुणे करड्या पुतळ्यांसारखे उभे. वक्त्याच्या अंगावर कपडे दिसेपर्यंत भाषण संपलं होतं. पुढच्या वर्षी संस्थेने महिन्याचे पैसे भरणं थांबवलं आणि बेट गेलं. सभागृहाचे तुकडे आमच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खात्यातल्या सामानाच्या यादीत, परत आले. हक्क आमचे, खुर्च्या आमच्या, मांडायला जागा नाही.

सगळा गुंता इथेच आहे: 'मालकी' या शब्दात. जाहिरात म्हणायची, जमिनीचे मालक व्हा. करार वाचला तर हाती यायचा तो कंपनीचा सर्व्हर वापरायचा परवाना. पेनसिल्व्हेनियातल्या एका वकिलाने २००६ मध्ये लिलावातल्या फटीतून स्वस्तात भूखंड उचलला, कंपनीने त्याचं खातं गोठवलं आणि तो कोर्टात गेला. मे २००७ मध्ये कोर्टाने म्हटलं की वाद लवादाकडेच न्यायची करारातली सक्ती एकतर्फी आहे, खटला इथेच चालेल. उत्सुकता ताणली गेली. मग त्याच वर्षी दोघांनी आपसात मिटवलं, आणि आभासी जमीन 'मालमत्ता' आहे का, हा मूळ प्रश्न निकालाविनाच राहिला. २०१० मध्ये मालकीच्या त्याच आश्वासनावरून नवा दावा दाखल झाला. त्या वर्षीच्या नव्या अटींत 'जमीन म्हणजे परवाना' हे स्वच्छ लिहिलेलं होतं. सर्व्हरची वीज आणि देखभाल कंपनीच्या माथी, तेव्हा तिचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. पण मग आधी 'मालक' म्हणायचं नव्हतं.

वाशी-नेरुळच्या माणसाला हे नवं वाटू नये. शहर वसवणाऱ्या महामंडळाने भूखंड कायमचे विकले नाहीत, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. दारावर पाटी आपली, कर्जाचा हप्ता आपला, मेंटेनन्स आपला. फ्लॅट विकायला काढला की महामंडळाची एनओसी आणि ट्रान्सफर चार्जेस. ज्यांची शेतं या नोडांखाली, म्हणजे शहराच्या उपनगरांखाली गेली, त्यांच्या घरात तर त्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाबद्दल बोलताना 'आमची जमीन' म्हणजे नक्की कोणती, हे आधी विचारून घ्यावं लागतं. फरक आहे, तोही मोठा: आपला पट्टा नोंदणीकृत असतो, कोर्ट ऐकून घेतं, आणि एका महिन्याचे पैसे थकले म्हणून इमारत पुसली जात नाही.

बाकीची पडझड पटापट झाली. जुलै २००७ मध्ये जुगारावर बंदी आली. ऑगस्टमध्ये भरमसाट व्याज देणारी एक आभासी 'बँक' बुडाली, ठेवीदार हात चोळत बसले, आणि जानेवारी २००८ मध्ये खऱ्या जगातला बँकिंग परवाना नसलेल्यांना व्याज देण्याची मनाई झाली. मोठे ब्रँड एकेक करून दुकानं बंद करत गेले. एका बड्या सर्च कंपनीने जुलै २००८ मध्ये उघडलेलं स्वतःचं जग डिसेंबरअखेर गुंडाळलं.

दुसऱ्या खेळात 'मालकी' हा तोच शब्द ब्लॉकचेनचे, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक नोंदवहीचे, कपडे घालून आला. २०२० मध्ये खुल्या झालेल्या 'डिसेंट्रालँड'मध्ये भूखंड मोजून ९०,६०१, प्रत्येकाचं टोकन, म्हणजे त्या नोंदवहीतली मालकीची नोंद, आणि टोकन तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे या वेळी म्हणे मालकी पक्की. माझ्या समजुतीने हा सातबारा तुमच्या नावावर आणि गाव दुसऱ्याच्या मर्जीवर, असा प्रकार आहे. आपल्याकडे २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, १ जुलैपासून १ टक्का टीडीएस आला, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करायची मुभाही ठेवली नाही. कर भरण्यापुरते तुम्ही मालक झालात. नाव बदललेल्या त्या समाजमाध्यम कंपनीच्या मेटाव्हर्स विभागाचा २०२२ चा तोटा १३.७ अब्ज डॉलर होता.

टिकलं ते कमी गाजावाजाचं काम: प्रशिक्षण, बांधकामाचे आराखडे, आणि न बांधलेलं घर दाखवणं. मागे वाशीच्या घरांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर मुलीने माझ्या डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा गॉगल चढवला आणि मी तळोज्याच्या अठराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहिलो. खाली हिरवळ, समोर डोंगर, मोकळा रस्ता. गॉगल काढता काढता विचारलं, जमीन लीजची की फ्रीहोल्ड?

"ते साईटवर विचारा ना, सर," ती म्हणाली आणि गॉगल मागच्या काकांना दिला.