केसपेपरवरचा ‘आध्यात्मिक’ रकाना: पार्श्वभूमी

शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणं आपल्याकडे नवं नाही. तोंडात तुळशीपत्र, देवघरातला गंगेचा गडू, कुणीतरी हळू आवाजात म्हटलेला हरिपाठ. नवा आहे तो हॉस्पिसच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहाच्या, केसपेपरवरचा रकाना: ‘आध्यात्मिक गरजा’.

त्याचं मूळ लंडनचं. तिथे १९६७ साली सुरू झालेल्या हॉस्पिसच्या संस्थापिका आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या. दुखणं शरीराचं तसं मनाचं, नात्यागोत्याचं आणि आत्म्याचंही असतं, ही मांडणी त्यांची. वांद्र्याला १९८६मध्ये देशातलं पहिलं मानलं जाणारं हॉस्पिस उघडलं, तेही ख्रिस्ती सेवाभावातून. शुश्रूषा नन्सकडे, रुग्ण सगळ्या धर्मांचे. अशा शुश्रूषेची (पॅलिएटिव्ह केअर) जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात मानसिक आणि सामाजिकच्या पंगतीला ‘स्पिरिच्युअल’ बसलं. मराठीत त्याचं सरळ ‘आध्यात्मिक’ झालं.

गोंधळ इथला. मराठी कानाला त्यात सत्संग, नामस्मरण, बुवा-महाराज ऐकू येतात. मग विचारलं जातं, ‘आजोबा, देवाधर्माचं काही करायचंय का?’ आजोबा मान हलवतात, रकान्यात ‘नाही’ पडतं. शेताच्या बांधावरून ज्या भावाशी वीस वर्षं बोलणं नाही, तो त्यांना रात्रभर झोपू देत नसेल, तर ते कुठे लिहायचं? ‘माझ्याच वाट्याला का?’ हे तर पक्क्या नास्तिकालाही छळतं. ‘आत्मिक’ म्हणावं तर आत्मा आलाच; ‘भावनिक’ म्हणावं तर तो रकाना वर आहेच. शब्द बदलण्यापेक्षा प्रश्न बदलावा हे बरं: ‘मनात काही राहून गेलंय का?’

अर्थात कळा थांबल्याशिवाय हेही बोलणं व्यर्थ. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध मिळणं इतकं जिकिरीचं केलं की २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. मधल्या काळात कण्हणाऱ्यांना अभंग ऐकवले गेले असतील, तर त्याला सेवा म्हणणं जड जातं.

नातेवाइकांची तऱ्हा वेगळीच. पेशंटला आजार सांगितलेला नसतो, म्हणून गंगाजळाची बाटली पिशवीत टॉवेलखाली दडवलेली. १९९०च्या त्या व्याख्येत कुटुंबाचं मृत्यूनंतरचं दुःखही धरलेलं आहे आणि २००२च्या सुधारणेतही ते टिकलं. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. हॉस्पिसनं फोन करायचा तो त्यानंतर.