मुखपृष्ठ नसलेली मिस्सा

मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, आणि त्यात गायचं संगीतही. 1592-93 च्या सुमारास लंडनमध्ये अशाच एका चार आवाजांच्या मिस्सेच्या चार पातळ वह्या छापल्या गेल्या, प्रत्येक आवाजाची एक. मुखपृष्ठ नाही, साल नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. पानांच्या माथ्यावर विल्यम बर्ड या संगीतकाराचं नाव तेवढं होतं. साल ठरवलं ते पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी, नक्षीदार अक्षरांच्या ठशांची झीज तपासून.

एवढी लपवाछपवी का? प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा ऐकली तरी दंड आणि कैद होती. 1585 च्या कायद्यानं तर परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या कॅथलिक पाद्र्यानं देशात राहणं हाच राजद्रोह ठरला. बर्ड स्वतः कॅथलिक, आणि 1572 पासून राणी एलिझाबेथच्या दरबारी चॅपलचा गायक. 1575 मध्ये राणीनं त्याला आणि ज्येष्ठ संगीतकार टॅलिसला संगीतछपाईचा मक्ताही दिला होता. पुढे तो एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी गावी राहायला गेला. त्याचे आश्रयदाते पीटर घराणं तिथून जवळच, इंगेटस्टोन हॉलमध्ये राहत. त्या वाड्यात पाद्र्यांना लपवायच्या चोरखोल्या आजही आहेत.

मला या संगीताचा स्वभाव तिथेच सापडतो. आधीच्या काळातल्या टॅव्हर्नर या इंग्रज संगीतकाराच्या मोठ्या मिस्सा भव्य चर्चसाठी होत्या, एकेका अक्षरावर लांबच लांब ताना घेणाऱ्या. बर्डची मिस्सा आटोपशीर आहे, चार गायकांत भागते, शब्द स्पष्ट ऐकू येतात. तरी ‘सांक्तुस’ (‘पवित्र’) या भागात तो टॅव्हर्नरची आठवण जागवतोच. आपल्याकडे मुख्य गायक आणि मागे साथ असते. इथे चौघांचा मान सारखा. एकानं ओळ उचलली की दुसरा तीच वेगळ्या सुरावरून घेतो, तोवर पहिला पुढे गेलेला असतो.

मिस्सेचा शेवटचा भाग ‘आन्युस देई’ (‘देवाचं कोकरू’) दोन आवाजांत सुरू होतो, मग तीन, आणि ‘दोना नोबिस पाचेम’ला, म्हणजे ‘आम्हाला शांती दे’ला, चारही येतात. एक आवाज आपला सूर धरून ठेवतो, दुसरा सरकतो, दोन सूर एकमेकांना घासतात, मग पहिला एक पायरी खाली उतरतो. तो उतरेपर्यंत दुसरीकडे नवी घासण सुरू झालेली असते. शांती मागणाऱ्या शब्दांवर इतका वेळ ही ओढाताण चालते की ऐकताना श्वास अडकतो. अगदी शेवटच्या स्वरमेळात कोमल गंधार जाऊन शुद्ध गंधार लागतो.