लिनक्स बघायचं म्हणजे विंडोज पुसावं लागतं?

सांगली-मिरजेत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी संगणकप्रणाली) लावायचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो, फॉरवर्डही फिरतो: "लिनक्स लावून बघितलं की विंडोज आणि फोटो सगळं जातं." ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, तर खरंच सगळं जातं. पण नुसतं बघायला इन्स्टॉल करावंच लागत नाही.

लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाइल (पूर्ण प्रणाली एकाच फाइलीत) रूफस या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रामने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह मात्र पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्या. लॅपटॉप सुरू होताना एफ12 किंवा एस्केप दाबून (कळ कंपनीप्रमाणे बदलते) पेनड्राइव्ह निवडा. आता मिंट पेनड्राइव्ह आणि रॅमवर (लॅपटॉप बंद केला की पुसली जाणारी तात्पुरती मेमरी) चालतं. तुम्ही स्वतः हार्डडिस्क उघडून काही बदललं नाही, तर तिथलं काही हलत नाही.

खात्री करायची? मिंटच्या डेस्कटॉपवर एक फाइल बनवा, दोन ओळी लिहा. बंद करा, पेनड्राइव्ह काढून विंडोज सुरू करा: फोटो जागच्या जागी. पुन्हा पेनड्राइव्हवरून गेलात तर ती फाइल गायब, कारण ती रॅममध्येच होती. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का, तेही तिथेच बघून घ्या. डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हाला मात्र बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.